जंगल राखायचं त्यांनी, हिशेब ठेवायचा आपण

हवामान बदलावरचा कुठलाही सरकारी किंवा आंतरराष्ट्रीय अहवाल उघडा. जंगलाच्या प्रकरणात 'स्थानिक समुदायांचा सहभाग' येतोच, आणि बहुतेक वेळा तो शेवटाकडे येतो. किती हेक्टर, किती टन, किती निधी हे सगळं आधी ठरलेलं असतं. मग कुणाला तरी आठवतं की नकाशावरच्या त्या हिरव्या ठिपक्यात माणसं राहतात, त्यांनाही बोलवायला हवं. लग्नाची तारीख, हॉल, पंगत सगळं ठरल्यावर नवरीला विचारायला जावं, तसा हा प्रकार.

बरेच दिवस या विषयावर लिहायचं डोक्यात होतं. पोस्ट लांबली आहे, सवडीने वाचा.

आधी थोडं विज्ञान, नाहीतर भांडण कशावरून आहे तेच कळायचं नाही. माणूस दरवर्षी जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, त्यातला साधारण ३० टक्के जमिनीवरची झाडं-झुडपं आणि माती शोषून घेतात. जंगल तोडलं किंवा जाळलं की साठलेला कार्बन पुन्हा हवेत. सुक्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बनच असतो. म्हणजे उभं जंगल ही शंभर-दोनशे वर्षांची साठवण आहे. पावसाळ्यात लावलेलं रोप जगलं, गुरांच्या तोंडातून आणि वणव्यातून वाचलं, तर तीस-चाळीस वर्षांनी त्याची साठवण म्हणण्याजोगी होईल. त्यामुळे आहे ते जंगल उभं ठेवणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीचं काम. पण ते रोजचं काम आहे. उपग्रह ते करत नाही. झाडं पडल्यावर पडली एवढं सांगतो.

मग रोज कोण करतं?

ओडिशात, विशेषतः नयागड जिल्ह्यात, 'ठेंगापल्ली' नावाची रीत आहे. गावात आळीपाळीने राखणदारी, आणि ठेंगा म्हणजे काठी ही त्या पाळीची खूण. ज्या घराची पाळी त्या घरच्या माणसांनी दिवसभर जंगलात फिरायचं. कुऱ्हाडीचा आवाज आला की तिकडे जायचं, धूर दिसला की गाव गोळा करायचं. संध्याकाळी परतल्यावर काठी शेजाऱ्याच्या दाराशी टेकवून ठेवायची. सकाळी दार उघडल्यावर काठी दिसली की समजायचं, आज आपली पाळी. पगार नाही, हजेरीपट नाही, आणि पाळी चुकवली तर काठी आहे तिथेच उभी असलेली सगळ्या गावाला दिसते. काही गावांमधून पुरुषांचा उत्साह ओसरला तेव्हा बायकांनी काठ्या हातात घेतल्या आणि त्यांची राखण जास्त कडक निघाली. ओडिशात अशी आपणहून जंगल राखणारी हजारो गावं आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांनी हे सुरू केलं तेव्हा कायद्याने त्यांच्या हातात काहीही दिलेलं नव्हतं.

हा सगळा मामला समजून घ्यायला मला २००९ हे एकच साल फार उपयोगी वाटतं.

त्या वर्षी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्याच बाई. त्याआधी १९६८ पासून गॅरेट हार्डिनची मांडणी जगभर शिकवली जात होती: जे सगळ्यांचं ते कुणाचंच नाही, प्रत्येक जण ओरबाडणार, म्हणून एक तर सरकारने ताब्यात घ्या नाहीतर मालक नेमा. ऑस्ट्रॉम बाईंनी टेबलावर बसून तर्क लढवण्याऐवजी खरीखुरी कुरणं, पाटाचं पाणी, मासेमारी, जंगलं पाहिली. लोक नियम करतात, एकमेकांवर नजर ठेवतात, पहिल्या चुकीला थोडा आणि दुसऱ्या चुकीला मोठा दंड लावतात, भांडणं गावातच मिटवतात, असं पुन्हापुन्हा दिसलं. मात्र त्यासाठी हद्द स्पष्ट हवी, वापरणाऱ्यांना नियम करण्यात वाटा हवा, आणि वरच्या सरकारने ते नियम मोडीत काढता कामा नयेत. ही शेवटची अट आपल्याकडे सोयीस्करपणे विसरली जाते.

त्याच २००९ मध्ये अश्विनी छत्रे आणि अरुण अग्रवाल यांचा एक अभ्यास आला. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या १० देशांमधली ८० सामायिक जंगलं. जिथे जंगल मोठं आणि नियम करण्याची मोकळीक स्थानिकांना जास्त, तिथे साठलेला कार्बनही जास्त आणि लोकांच्या पोटापाण्याला होणारा उपयोगही जास्त. मालकी लोकांची असेल तर ते आज कमी काढतात आणि उद्यासाठी ठेवतात, असाही निष्कर्ष होता. त्यात नवल कसलं? उद्या आपल्याच हातात राहील याची खात्री असेल तोच उद्यासाठी ठेवतो. उद्या कुणी तरी येऊन ट्रक भरून नेणार असेल, तर आज तोडून घरी आणणं हेच शहाणपण ठरतं.

याचं सगळ्यात झणझणीत उदाहरण शंभर वर्षांपूर्वीचं आहे. कुमाऊँच्या डोंगरात इंग्रजांनी जंगलं राखीव केली, चराईवर आणि लाकूडफाट्यावर बंधनं आणली. १९२१ च्या उन्हाळ्यात लोकांनी राळ आणि लाकडासाठी सरकारने जपलेली चिडाची, म्हणजे पाइनची, जंगलं पेटवून दिली. पण त्याच डोंगरातली रुंद पानांची जंगलं, जिथून चारा, पालापाचोळा, जळण मिळायचं, ती जवळजवळ अनाघ्रात राहिली. आंधळा राग असा निवडून जाळत नाही. सरकारने तक्रार समिती नेमली, आणि १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम आले. आज उत्तराखंडात ११ हजारांहून जास्त वनपंचायती आहेत. ई. सोमनाथन आणि सहकाऱ्यांनी त्यांची जंगलं शेजारच्या सरकारी जंगलांशी ताडून पाहिली. गावाची जंगलं निदान तेवढीच चांगली निघाली, आणि सरकारी जंगलावर दर हेक्टरी होणारा खर्च किमान सातपट निघाला. हाही अभ्यास २००९ चाच.

सातपट. हवामान निधीच्या बैठकांमध्ये 'किफायतशीर उपाय' शोधायला सल्लागार नेमतात, त्यांना कुणीतरी हे वाचायला द्या.

आता आपल्याकडे येऊ. गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा (लेखा) हे गाव. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली देशात पहिल्यांदा सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून जंगल राखायचा आणि वापरायचा हक्क, मिळाला तो २००९ मध्ये, मेंढा आणि त्याच जिल्ह्यातल्या मर्दा या गावांना. मेंढ्याचं जंगल सुमारे १,८०० हेक्टर. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावची. सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय निर्णय नाही, ही तिथली शिस्त त्याहून जुनी. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावं या प्रवासाशी कायमची जोडलेली आहेत. पण हक्काचा कागद हातात आल्यावर काय झालं ते बघा. गावाला बांबू विकायचा होता, तर वाहतूक परवाना मिळेना. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाडात गणलेलं. वनहक्क कायदा म्हणतो बांबू हे गौण वनोपज, म्हणजे गावाचं. दोन्ही कायदे एकाच देशाचे. शेवटी एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. कायदा होऊन चार वर्षं, हक्क मिळून दीड-दोन वर्षं, आणि एक बांबू गावाबाहेर न्यायला दिल्लीहून मंत्री यावा लागला! प्रत्येक गावाच्या नशिबी असा मंत्री कुठून येणार?

बांबूचंच उदाहरण आणखी थोडं ताणतो, कारण 'गावाच्या हातात दिलं तर तोडून खातील' या आक्षेपाचं उत्तर त्यात आहे. बांबूचं बेट सांभाळणं ही कसबाची गोष्ट आहे. कोवळे वास्ते, म्हणजे कोंब, आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे बांबू सोडायचे, पिकलेले तेवढे काढायचे, काप जमिनीलगत आणि पेराच्या वर घ्यायचा, बेटाच्या मध्यभागी गर्दी होऊ द्यायची नाही. असं केलं तर बेट वर्षानुवर्षं देत राहतं. कंत्राटदाराला हे माहीत नसतं असं नाही. त्याला हंगाम संपायच्या आत माल भरायचा असतो, आणि पुढच्या वेळी कंत्राट दुसऱ्याचं असू शकतं. तोडणारा हात मजुराचाच असतो, बहुधा त्याच गावचा. कंत्राटदाराकडे त्याला तुकड्यावर पैसे मिळतात, ग्रामसभेकडेही मजुरीच मिळते. फरक एवढाच की ग्रामसभेत त्याने कोवळा बांबू कापला तर पुढच्या बैठकीत त्याला उभं करून विचारतात.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये हजारेक हेक्टरवर हक्क मिळाला. त्या ग्रामसभेने बांबूवर रोजगार उभा केला आणि तेंदूपत्ता तोडणं बंद केलं. तेंदू म्हणजे विडीची पानं, उन्हाळ्यातला हातात येणारा रोख पैसा. तो का सोडला? चांगली कोवळी पानं फुटावीत म्हणून खुटकटाई होते, झुडपं छाटली जातात, आगी लावल्या जातात. आग लागली की नवी रोपं जातात, फळं जातात, जमिनीतला ओलावा जातो. त्यांनी हिशेब मांडला आणि नको म्हणाले. कुठल्याही कार्बन प्रकल्पाने त्यांना हे सुचवलं नव्हतं. वणवा टाळणं हे हवामानाचं काम आहे, त्याला 'शमन' म्हणतात, याने त्यांना काही फरक पडला नाही.

अर्थात सगळ्या ग्रामसभा पाचगावसारख्या नाहीत. तेंदूच्या लिलावात कंत्राटदाराच्या खिशात गेलेले पदाधिकारीही असतात. चार दांडगी घरं निर्णय घेतात आणि बाकीचे अंगठा उठवतात, असंही होतं. बायका सभेला येतात पण मागे बसतात. म्हणून २०१२ च्या सुधारित नियमांनी ग्रामसभेच्या गणपूर्तीत किमान एक तृतीयांश महिला हव्यात असं लिहिलं, ते योग्यच झालं. गाव म्हणजे संतांची मांदियाळी, असं मी म्हणत नाही. पण गावातला भ्रष्टाचार हा जर अधिकार न देण्याचा निकष असेल, तर तो वरच्या कार्यालयांनाही लावून बघू. मग जंगल कुणाकडेच ठेवता येणार नाही.

नेपाळचं उदाहरण सगळे देतात, मीही देतो, पण जरा जपून. १९५७ मध्ये तिथे खासगी जंगलांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि पुढची काही दशकं डोंगर बोडके होत गेले. १९९३ च्या कायद्याने जंगल सामुदायिक वापरकर्ता गटांकडे द्यायला सुरुवात झाली. आज असे २२ हजारांच्या वर गट आहेत. उपग्रह चित्रांवरून काढलेल्या एका अंदाजानुसार १९९२ मध्ये देशाच्या २६ टक्के भागावर असलेलं जंगल २०१६ पर्यंत ४५ टक्क्यांवर गेलं. जपून अशासाठी की याच काळात डोंगरातली तरुण पोरं आखातात आणि मलेशियात कामाला गेली, शेतं ओस पडली, त्यावरही जंगल आलं. सगळं श्रेय गटांना देऊ नये. पण त्यांना वगळूनही ही गोष्ट सांगता येत नाही.

ग्वाटेमालातल्या पेटेनची कथा याहून बोलकी आहे. तिथल्या माया बायोस्फिअर राखीव क्षेत्रात १९९० च्या दशकात गावांच्या संस्थांना २५ वर्षांच्या कराराने जंगल दिलं. महोगनी मोजून काढायची, शाते (xate) नावाच्या पामची पानं गोळा करायची. जी गावं पूर्वीपासून जंगलावर जगत होती, त्यांच्या भागातली जंगलतोड जवळपास शून्य. जिथे नुकतीच वस्ती झालेली आणि गुरांच्या मोठ्या मालकांचा दाब होता, तिथले काही करार मोडले, रद्द झाले. म्हणजे कागद दिला की संपलं असं नाही. बाहेरचा पैसेवाला आला तर त्याला अडवायला पाठीशी सरकारही लागतं.

आणि आता २००९ ची दुसरी बाजू. ऑक्टोबर महिन्यात केनियात माऊच्या जंगलातल्या ओगिएक लोकांना ३० दिवसांत निघून जायची नोटीस आली. कारण काय, तर पाणलोट आणि जंगल वाचवायचं आहे. हे लोक तिथे पिढ्यानपिढ्या मध गोळा करून राहत आलेले. प्रकरण आफ्रिकेच्या मानवी हक्क न्यायालयात गेलं. २०१७ मध्ये निकाल ओगिएकांच्या बाजूने लागला. जंगलाच्या ऱ्हासाला त्यांना जबाबदार धरता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. २०२२ मध्ये भरपाईचा आदेश झाला. २०२३ च्या नोव्हेंबरात घरं पुन्हा पाडायला सुरुवात झाली. जंगल वाचवणं आणि माणसं हाकलणं ही एकच गोष्ट आहे, हा समज इंग्रजांबरोबर गेला असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

आपल्याकडे त्याच २००९ मध्ये, ३ ऑगस्टला, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने परिपत्रक काढलं की वनजमीन दुसऱ्या कामाला वळवायची तर आधी वनहक्काचे दावे पूर्ण करा आणि ग्रामसभेची संमती घ्या. त्याचा अर्थ ओडिशातल्या नियमगिरीच्या डोंगरात दिसला. १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांवर सोपवला, आणि डोंगरिया कोंध आदिवासींच्या भागातल्या १२ च्या १२ ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. कुणी म्हणेल, याचा हवामान बदलाशी काय संबंध? एक अख्खा डोंगर, त्यावरचं दाट जंगल, त्याखालचे झरे जागेवर राहिले. पण कार्बनच्या कुठल्याही वहीत ही नोंद नाही. न तोडलेल्या डोंगराचं उद्घाटन होत नाही, फीत कापता येत नाही. त्याच खाणीसाठी जंगल दिलं असतं, तर बदल्यात कुठेतरी भरपाई वनीकरण झालं असतं, बहुधा गावाच्या चराईच्या जमिनीवर, एकाच जातीच्या रोपांचं, आणि त्याचे आकडे मात्र अहवालात दिमाखात आले असते. आपल्या देशाच्या वन अहवालात एक हेक्टरहून मोठ्या जागेवर १० टक्के छत्र असलं की ते वनाच्छादन, मग तिथे निलगिरीची लागवड असो की साल-सागाचं जुनं रान.

आणि २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी काय केलं? केंद्राच्या मंजुरीआधी ग्रामसभेची संमती दाखवायची अट काढली. हक्कांचं बघायचं काम राज्याकडे, तेही मंजुरी मिळाल्यानंतर. प्रकल्पाला हिरवा कंदील, गुंतवणूक झालेली, यंत्रं येऊन उभी, आणि मग गावाला विचारायचं, 'तुमचं काय मत?' हा विचारण्याचा क्रम माझ्या डोक्यातून जात नाही. एकीकडे २०३० पर्यंत वनांमधून २५० ते ३०० कोटी टन जादा कार्बन डायऑक्साइड शोषून घेऊ, असं आपण जगाला सांगितलं आहे. दुसरीकडे ज्यांच्या 'नाही'मुळे जुनं जंगल वाचतं, त्यांचं 'नाही' बोथट करतो आहोत.

'संयुक्त वन व्यवस्थापन', म्हणजे वनखातं आणि गावाची समिती मिळून जंगल राखणं, होतं की, असं कुणी म्हणेल. होतं. १ जून १९९० चं परिपत्रक, त्यामागे बंगालमधल्या अराबारीचा चांगला अनुभव. पण बहुतेक ठिकाणी समितीचा सचिव वनखात्याचा, पैशाच्या नाड्या त्यांच्या हातात, आणि समिती बरखास्त करण्याचा अधिकारही त्यांचाच. निधी आला की समिती जिवंत, निधी संपला की फलक उरला. वनखात्यात जीव तोडून काम करणारे वनरक्षक आहेत, अतिक्रमण आणि लाकूडचोरांशी एकटे भिडणारे आहेत, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. अडचण माणसांची नाही. जंगल खात्याचं आणि गाव मदतनीस, या मांडणीतच गोम आहे.

शेवटचा मुद्दा कार्बन क्रेडिटचा, म्हणजे जंगलाने साठवलेल्या कार्बनच्या विकता येणाऱ्या प्रमाणपत्रांचा, आणि इथे मला खरी काळजी वाटते. सामूहिक हक्क मिळालेल्या गावांच्या दारात आता नवे पाहुणे येऊ लागतील: तुमच्या जंगलातला कार्बन आम्ही मोजतो, विकतो, तुम्हाला वाटा देतो. वनहक्क कायद्यात कार्बनचा उल्लेखच नाही, त्यामुळे तो कुणाचा हे कायद्यात स्पष्ट नाही. करार वीस, तीस, चाळीस वर्षांचे असतात. चाळीस वर्षांचा करार म्हणजे आज सभेत हात वर करणाऱ्याच्या नातवावर बंधन. त्यात जळणाचं, चराईचं, बांबूचं काय होणार? मध्येच वणवा लागला तर भरपाई कोण देणार? क्रेडिट कोण घेणार, आणि ते घेऊन तो स्वतःच्या चिमणीचा धूर कमी करणार की तसाच सोडत राहणार? ज्या माणसाच्या घरात एक दिवा आणि एक मोबाइल आहे, त्याने आपली चूल आवरायची आणि त्या बदल्यात कुणीतरी विमानं उडवत राहायची, याला मी तरी हवामान न्याय म्हणणार नाही.

पैसा येऊच नये असं नाही. ठेंगा घेऊन फिरणाऱ्यांना आजवर कुणी दमडी दिली नाही, ती मिळायलाच हवी. २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत आदिवासी आणि स्थानिक समुदायांच्या जमीनहक्कांसाठी १७० कोटी डॉलरचं वचन दिलं गेलं, दिशा म्हणून ती योग्य होती. पण क्रम बदलू नका. आधी हद्द मोजून हक्काचा दाखला, सातबाऱ्यासारखी पक्की नोंद, ग्रामसभेचा स्वतःचा व्यवस्थापन आराखडा आणि तो वनखात्याच्या कार्य आयोजनेच्या, म्हणजे खात्याच्या स्वतःच्या आराखड्याच्या, खाली न दाबता मान्य करणं. कार्बनची बोलणी त्यानंतर, तीही गावाची गरज असेल तर.

माझ्या यादीत गडचिरोली, गोंदिया, नंदुरबार, मेळघाट इकडचे बरेच जण आहेत. तुमच्या किंवा शेजारच्या ग्रामसभेपुढे असा कार्बनचा करार आला असेल, तर त्याचा मसुदा मराठीत आणि गोंडी, कोरकू, पावरी जी बोली चालते तीत वाचून दाखवायला सांगा, एका बैठकीत सही करू नका, आणि मुदत, बंधनं व करार मोडायची अट ही तीन कलमं कुठल्या पानावर आहेत ते आधी बघा. कमेंटमध्ये लिहिता येत नसेल तर इनबॉक्समध्ये कळवा. वनहक्कावर काम करणारे वकील मित्र मसुदा वाचायला तयार आहेत.